साडेचारची भरती

भोसरीहून दिघीकडे निघालं की लष्कराच्या हद्दीची लांबलचक भिंत लागते. तिच्या थोडं अलीकडे डाव्या हाताला पत्र्याचं एक गेट आहे. गेटावर निळ्या रंगात बोट काढलेली आहे आणि खाली लिहिलंय, ‘क्रूझला जाताय? गाडी आमच्याकडे ठेवा. बंदरापर्यंत ने-आण.’ पहिल्यांदा वाचणारा माणूस हसतोच. समुद्र इथून दीडशे किलोमीटर लांब, मध्ये अख्खा घाट, आणि भोसरीकराला पाण्याबद्दल एकच चौकशी ठाऊक, ती म्हणजे आज नळाला येणार की नाही.

पण धंदा खरा होता. पिंपरी-चिंचवडची माणसं हल्ली हौसेनं मुंबईहून क्रूझला जातात, चार दिवस फिरतात, फोटो टाकतात. बंदराच्या फाटकाशी गाडीतून उतरता येतं, पण चार दिवस ती गाडी ठेवायची कुठे, इथं सगळं अडतं. मुंबईत कुठंतरी लावून जायची तर निम्मं चित्त गाडीत. हे नवनाथनं हेरलं. नवनाथ इथल्या जुन्या गाववाल्यांतला. बापजाद्यांच्या जमिनीतले वीस गुंठे त्याच्याकडे उरले होते आणि भिंतीला लागून असल्यामुळे तिथं बांधकामाला परवानगी मिळत नव्हती. त्यानं मुरूम टाकला, पत्र्याची शेड मारली, एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आणि राखणीला कोंडाजीला ठेवलं.

कोंडाजी सत्तरीला टेकलेला. काळा, काटक, ढोपरापर्यंत दुमडलेली खाकी पँट आणि खिशाला कायम दोन पेनं. गेटाशेजारच्या दहा बाय दहाच्या खोलीत तो राहायचा. बायको शेवंती सहा वर्षांमागं गेली. मुलगी वापीला दिलेली, तिचा फोन रविवारी, तोही जावई बाजारात गेला की. बाकी दिवस कोंडाजी गाड्यांशी बोलायचा. यात चेष्टा नाही, खरंच बोलायचा. दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक गाडी पाच मिनिटं चालू करून ठेवायची, उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना बघायचं, चाकांतली हवा तपासायची, हे त्याचं काम. ते करताना तो म्हणायचा, ‘‘आज काय गो, आवाज बसलाय तुझा?’’ गाडी काही उत्तर देत नसे, पण उठूनही जात नसे.

निघणाऱ्या प्रवाशांना शिकवणं हेही त्यानं आपल्याकडे घेतलं होतं. इस्त्री बॅगेत असेल तर काढून ठेवा, बोटीवर घेत नाहीत. सुरी नको. चकल्या चालतील का माहीत नाही, पण लोणच्याची बरणी नक्की अडवतील. आधार कार्ड वरच्या कप्प्यात. प्रत्येक बॅगेच्या कानाला तो शेवंतीच्या जुन्या लुगड्यांची चिंधी बांधायचा, एका कुटुंबाला एक रंग, म्हणजे शंभर काळ्या बॅगांच्या ढिगाऱ्यात आपली सापडते. चिंचवडच्या सुनांना ती चिंधी आवडत नसे. पुढच्या वळणावर त्या सोडून टाकत असणार, असा माझा तरी संशय आहे.

चिंध्या बांधायची सवय बोटीवरची. कोंडाजी मूळचा जयगडच्या खाडीकाठचा. मुंबई ते पणजी बोट चालायची तेव्हा वयाच्या अठराव्या वर्षी तो तिच्यावर खलाशी लागला होता. बोटीला नाव होतं, पण कोकणात कुणी ते घेत नसे. नुसतं ‘बोट’ म्हणायचे. बहुतेक बंदरांना धक्का नव्हता. बोट लांब पाण्यात उभी राहायची आणि माणसं मचव्यातून तिच्या कुशीला यायची, ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, तान्ही पोरं घेऊन. मचवा वर चढे, खाली जाई. तो वर आला की त्या क्षणाला दारात उभ्या खलाशानं माणसाचं मनगट धरून आत ओढायचं. तळवा धरायचा नाही, घामानं निसटतो. मनगटच धरायचं, आणि त्याचा दुसरा पाय आत आल्याशिवाय सोडायचं नाही. सोळा वर्षं कोंडाजीनं हेच केलं. किती हजार मनगटं धरली त्याचा हिशोब नाही, आणि एकही हातातून सुटलं नाही.

मग बोट बंद झाली. कोंडाजी चुलतभावाच्या आधारानं भोसरीला आला, एका वर्कशॉपमध्ये लागला, आणि लोखंडाचा कीस झाडण्यात त्याची उरलेली उमेद गेली. सुरुवातीला तो जेवणाच्या सुट्टीत बोटीच्या गोष्टी सांगायचा. लातूरकडचे, बीडकडचे कामगार, त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. ते ‘‘हो का?’’ म्हणायचे आणि ओव्हरटाइमचं बोलायला लागायचे. शेवंतीही घाटावरचीच, तिला गोष्टी तोंडपाठ झाल्या होत्या, तरी ऐकायची. ती गेल्यावर तेही बंद झालं. माणसाला दुःख सांगायला कुणीतरी भेटतं. बोट सांगायला कुणी भेटत नाही.

अशात एका सोमवारी जयमालाबाई आल्या.

पासष्ट-सहासष्टच्या असतील. पिंपळे गुरवला राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. पांढरी जुनी गाडी त्यांनी इतक्या सावकाश आत आणली की कोंडाजीला वाटलं, बंद पडली आणि कुणीतरी ढकलतंय. गाडी नवऱ्याची होती. नवरा दीड वर्षापूर्वी वारला, तेव्हापासून बाई स्वतः चालवत होत्या.

‘‘जागा बघायला आलेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढच्या आठवड्यात जायचंय. बोट फार हलते का हो?’’

‘‘आताच्या हलत नाय म्हणतात. तुम्ही किती जण?’’

‘‘एकटीच.’’

मग त्यांनीच सांगितलं. शाळेतल्या चौघी मैत्रिणींनी मिळून ठरवलं होतं. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, दुसरीच्या सुनेचं बाळंतपण आलं, तिसरीच्या मुलानं नको म्हटलं. सगळे विचारायला लागले, आता तूही रद्द करणार ना? त्या विचारण्याचाच बाईंना राग आला आणि त्यांनी तिकीट ठेवलं. ‘‘शिवाय बाराव्या वर्षी मी बोटीनं गेलेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझा मामा जयगडला होता.’’

कोंडाजीच्या हातात चाव्यांचा जुडगा होता. तो त्यानं टेबलावर ठेवला.

‘‘जयगडला तुम्ही मचव्यातून चढलाव?’’

‘‘चढले कसली, ओढून घेतलं मला. एका खलाशानं इथं धरलं होतं.’’ बाईंनी मनगट पुढं केलं. ‘‘दोन दिवस दुखत होतं. तुम्हाला कसं माहीत मचवा?’’

पुढचा दीड तास कसा गेला ते दोघांना कळलं नाही. डेकवर पथारी टाकून जागा अडवायची, रात्री कुणाची तरी वांती आपल्या चादरीपर्यंत यायची, तेलाचा, ओल्या दोरांचा आणि पिकल्या आंब्यांचा मिळून एक वास यायचा, हे सगळं बाईंना आठवत होतं. मध्येच त्यांनी विचारलं, ‘‘तो खलाशी तुम्ही तर नव्हे?’’

कोंडाजीनं मनातल्या मनात वर्षं मोजली. बाई बारा वर्षांच्या असताना तो स्वतः पंधरा-सोळाचा, गावात बैल राखत होता. हो म्हणायचा मोह त्याला झाला. पण बोटीच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे.

‘‘नाय बाई. मी नंतर लागलो.’’

‘‘असू दे,’’ बाई हसल्या. ‘‘तुमच्यापैकीच कुणीतरी.’’

त्यानंतर त्या आठवड्यात त्या आणखी दोनदा आल्या. एकदा विचारायला, की स्वेटर घ्यावा का. एकदा नुसत्याच, भाजी घ्यायला इकडे आले होते म्हणून. पिंपळे गुरवहून भाजीला कुणी दिघी रस्त्याला येत नाही हे कोंडाजीला कळत होतं. त्यानं शेजारच्या टपरीवाल्याला सांगून दोन कप धुवून ठेवायला लावले. रोज दुपारी गेटाशी गाडी थांबली की तो दचकून उठायचा, आणि ती दुसऱ्याच कुणाची असली की उगीचच त्या माणसावर खेकसायचा.

तिसऱ्या भेटीत त्यानं बाईंना एक काम सांगितलं. ‘‘रात्री साडेनऊ-दहाला डाव्या अंगाच्या कठड्याला उभ्या राहा. बोट कोकणाकडं खाली जाते तेव्हा किनारा त्याच बाजूला असतो. जयगडचा दिवा दिसतो का बघा. आताच्या बोटी लांबून जातात, दिसेल न दिसेल. पण दिसला तर मला येऊन सांगा.’’

‘‘सांगेन. सगळंच सांगेन. इथं बसून सांगेन,’’ बाई म्हणाल्या.

निघायचा दिवस शुक्रवारचा. आदल्या दिवशी नवनाथचा फोन आला. ‘‘काका, चिंचवडची फॅमिली कॅन्सल झाली. उद्या त्या बाई एकल्याच हायत. ट्रॅव्हलर नगं, बाळू छोटी गाडी घिऊन येतोय. साडेसहाला सोडा म्हंजे सोडाच. एक वाजता आत घ्यायचं बंद करत्यात. मी चाकणला हाय, मला यायला जमनार न्हाई.’’

एरवी नवनाथ स्वतः हजर असायचा आणि सगळ्यांना हाकलून गाडीत बसवायचा. त्या दिवशी नव्हता. तिथं घात झाला.

बाई सहालाच आल्या. नवी चप्पल, नवी पर्स, केसांना मेंदी. बाळू सव्वासहाला आला. कोंडाजीनं बॅगेला केशरी चिंधी बांधली, चाव्या घेतल्या, चहा मागवला. मग बाईंनी पर्समधून एक फोटो काढला. काल रात्री कपाट उपसताना सापडला होता. मामाच्या घराचं अंगण, मागं खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी धुरकट, नखाएवढी बोट.

कोंडाजीनं चष्मा पुसला. तो फोटो तो बघतच राहिला. धुराच्या नळकांड्यावरून ती कोणती बोट, तिच्या उंचीवरून पाणी किती, सावलीवरून वेळ कोणती, सगळं तो सांगायला लागला. साडेसहा झाले. बाळूनं हॉर्न वाजवला.

‘‘थांब रे,’’ कोंडाजी म्हणाला. ‘‘आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. भरती साडेचारला. पाणी भरल्याबिगर एवढी मोठी बोट हलतेय कशाला?’’

कोकणातला हा जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि तो चुकत नाही. जयगडला, दाभोळला बोट भरतीची वाट बघत थांबलेली कोंडाजीनं शेकडो वेळा पाहिली होती. आणि दारं बंद करायची वेळ? तसलं काही त्याच्या बोटीवर नव्हतंच. शिडी उचलेपर्यंत माणूस घ्यायचा. शिडी उचलल्यावरही कुणी मचव्यातून ओरडत आला तर त्यालाही घ्यायचं. तिकिटावर छापलेला एक वाजताचा आकडा त्याला माणसांना घाबरवायला लिहिल्यासारखा वाटला.

‘‘काका, नवनाथशेट म्हनले साडेसहा,’’ बाळू म्हणाला.

‘‘नवनाथला समुद्रातलं काय कळतंय? जा, वडापाव खाऊन ये. बाई, तुम्ही बसा. बोट तुम्हाला टाकून जात नाय, हा माझा शब्द.’’

बाई बसल्या. त्यांचा त्याच्यावर विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही उठावंसं वाटत नव्हतं. कोंडाजीला भरतीचा हिशोब मनापासून खरा वाटत होता हे कबूल. पण षष्ठीच्या जागी दुसरी कुठली तिथी असती तरी त्यानं काहीतरी कारण काढलंच असतं. त्याला अजून एक कप चहा हवा होता, समोर बसलेल्या माणसासकट.

गाडी साडेआठला निघाली.

घाटात एक कंटेनर आडवा झाला होता. दीड तास तिथं गेला. दुपारी दीडच्या सुमाराला बाळूचा फोन आला. ‘‘काका, गेट बंद झालं. वीस मिंटानं चुकलं. लई इनवण्या केल्या, आत घेत न्हाईत. बोट समोर उभी हाय, पन घेत न्हाईत.’’

कोंडाजी खाटेवर बसला. बाहेर एकतीस गाड्या उन्हात गप्प उभ्या होत्या. त्याला पहिल्यांदा नवनाथ आठवला. नवनाथला कळलं तर तो काढून टाकेल, ही खोली जाईल, आणि सत्तराव्या वर्षी बिऱ्हाड घेऊन वापीला जावयाच्या दारात उभं राहावं लागेल. मग बाई आठवल्या. नवी चप्पल घालून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या. आपण आपल्या सुखासाठी त्यांचं मनगट सोडलं, असं त्याला वाटलं.

तीन वाजता फोन वाजला. बाईंचा नंबर. कोंडाजीनं तो टेबलावर थरथरू दिला. काय म्हणतील ते त्याला ठाऊक होतं, आणि ते त्यांच्या आवाजात ऐकायची त्याची छाती नव्हती. फोन थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. कोंडाजी खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं नळ सोडला, बादली भरून घेतली, आणि बाईंची पांढरी गाडी धुवायला लागला. आतून, बाहेरून, चाकांच्या खाचांतली मातीसुद्धा. संध्याकाळपर्यंत तो तेच करत होता.

पावणेआठला बाळूची गाडी आत आली. बाई मागच्या सीटवरून उतरल्या. चेहरा उन्हानं उतरला होता. बाळूनं बॅग काढून ठेवली. केशरी चिंधी तशीच होती.

‘‘बाई, चुकी माझी हाय,’’ कोंडाजी म्हणाला. हे वाक्य तो चार तास घोळवत होता.

‘‘माहीत आहे.’’

‘‘मला वाटलं, भरती...’’

‘‘बोट तीनला सुटली. तुमच्या भरतीची वाट तिनं बघितली नाही.’’ त्या रागानं बोलल्या नाहीत. ‘‘नवनाथना मी घाटातल्या ट्रॅफिकचं सांगितलंय. तुमचं नाव घेतलेलं नाही. बाळूही घेणार नाही.’’

कोंडाजीचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याची त्याला लगेच लाज वाटली. खोली वाचली होती. हात जोडावेत की काय त्याला कळेना, म्हणून त्यानं चाव्या पुढं केल्या. बाईंनी त्या घेतल्या नाहीत.

‘‘मी फोन केला होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीनदा.’’

‘‘व्हय. बघितला. मला वाटलं, रागावाल. म्हणून नाय उचलला.’’

जयमालाबाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

‘‘रागावायचं असतं तर दीड वाजताच केला असता. तीनला कशाला केला असता? बोट सुटत होती तेव्हा केला, भाऊ. मी रस्त्यापलीकडे एक जागा शोधली होती, तिथून दिसत होती. नऊ मजली होती. केवढी ती, पण हलली तेव्हा आवाजसुद्धा नाही. मी आधी मुलाला लावला. तो मीटिंगमध्ये होता, आणि नसता तरी, ‘मी म्हणत होतो ना जाऊ नको’, एवढंच म्हणाला असता. मग म्हटलं, हे ज्याला कळेल असा एक माणूस आहे. त्याला सांगू. मी बघेन तसं सांगत जाईन, तो ऐकत जाईल, ती दिसेनाशी होईपर्यंत. तेवढंच हवं होतं मला. बोट गेल्याचं मला काही एवढं नव्हतं.’’

कोंडाजीनं खोलीतली खुर्ची बाहेर आणली. मग तो म्हणाला, ‘‘आता सांगा ना. चहा सांगतो. बसा. कशी होती?’’

‘‘आता काय सांगू? आता दमलेय मी.’’

त्यांनी त्याच्या हातातून चाव्या घेतल्या. गाडी धुतलेली त्यांच्या लक्षात आली असावी, कारण दार उघडताना त्या क्षणभर थांबल्या. मग आत बसल्या. कोंडाजी मागं जाऊन उभा राहिला आणि हात दाखवायला लागला, ‘‘या, या, अजून या, बास.’’ बाईंनी आरशात बघून गाडी नीट बाहेर काढली. भोसरीच्या बाजूला वळल्या आणि रहदारीत मिसळल्या.

बाळू सीटखालची बाटली काढून तोंडावर पाणी मारत होता. ‘‘जेवला का काका?’’ त्यानं विचारलं.

‘‘नऊ मजली होती म्हणतात,’’ कोंडाजी म्हणाला. ‘‘तू सांग. रंग कसला होता? नळकांडं होतं का तिला?’’

बाळूनं बाहीला तोंड पुसलं.

‘‘काय की,’’ तो म्हणाला. ‘‘मी गाडीत झोपलो हुतो.’’